खाली ठेवलेलं नाव

न्याहारीला धुरावलेला हॅडॉक होता. उजव्या हातातला काटा माशात रुतलेला आणि डाव्या हातात तोवेना बेटावरून आलेलं पत्र, अशा अवस्थेत मी ते वाक्य वाचलं: ‘तुम्ही त्याचे थोरले भाऊ, आणि तुम्ही अजून त्याचं नाव उचललेलं नाही, म्हणून आमचा समुद्र बंद आहे.’ मी काटा खाली ठेवला. माशाला डोकं नव्हतं, तो माझ्याकडे बघतोय असं म्हणायची सोय नव्हती. तरी मला त्याच्यासमोर बसवेना. “खारट आहे का?” इसोबेलने विचारलं. इसोबेल माझी धाकटी बहीण. विधवा झाल्यापासून माझं घर सांभाळते आणि माझ्या ग्रंथांची मुद्रितं तपासते, त्यातल्या एकाही शब्दावर विश्वास न ठेवता. “खारट नाही,” मी म्हणालो, “पण तोवेनावर पोरांना मासे मिळत नाहीयेत. माझ्यामुळे.” “तू तिथे कधी गेला होतास?” “गेलो नाही, म्हणूनच.” तिने माझी बशी स्वतःकडे ओढली, कारण आमच्या घरात मासा वाया जात नाही, आणि म्हणाली, “हेक्टर, आधी चहा घे. मग काय ते नीट सांग.” चहा घेतला आणि पत्रच तिच्यापुढे सरकवलं. बाहेर एडिनबराचा तोच वारा खिडकीच्या फटीतून शिट्टी घालत होता, खालच्या रस्त्यावर कोळशाची गाडी थांबली होती, आणि दक्षिण समुद्रातल्या एका खडकाच्या रांगेवर, जिथे मी उभ्या आयुष्यात पाय ठेवलेला नाही, माझ्या गप्प बसण्यामुळे कुणी जाळं टाकत नव्हतं. मला भीती वाटायला हवी होती, किंवा हसू यायला हवं होतं. खरं सांगायचं तर मला विलक्षण कुतूहल वाटत होतं, आणि त्या कुतूहलाखाली काहीतरी दुखत होतं.

कार्नीशी माझी ओळख एका छापील प्रश्नावलीने झाली. त्या काळी आम्ही सगळेच असं करायचो: आपण घरी शेकोटीपाशी बसायचं आणि जगभरच्या मिशनऱ्यांना, कप्तानांना, तारमास्तरांना प्रश्न धाडायचे. मृताला पुरतात की जाळतात? सासूशी बोलतात का? उत्तरं यायची ती बहुतेक ‘येथील लोक आळशी आहेत’ अशा थाटाची. तोवेनाच्या मिशनऱ्याचं उत्तर मात्र उलटा प्रश्न घेऊन आलं. त्याने लिहिलं होतं, ‘तुमचे प्रश्न मी इथल्या म्हाताऱ्यांना वाचून दाखवले. ते विचारतात की मेलेल्यांबद्दल इतकं विचारणारा हा माणूस कोण आहे, आणि त्याच्या घरात कुणी गेलंय का?’ मी तेव्हा खरोखरच वडिलांना पुरून आठवडाभराने कामाला बसलो होतो. तसं मी त्याला कळवलं. इथून सुरुवात झाली, ती सोळा वर्षं चालली. बोट येईल तेव्हा पत्र, कधी चाळीस पानी, ओलसर, घुशीने कडा कुरतडलेलं. आम्ही भांडलो, एकमेकांची टर उडवली, त्याला ताप आला की मी औषधं धाडली, माझा दुसरा खंड टीकाकारांनी फाडला तेव्हा त्याने त्यांना शिव्या मोजून मला मलम लावलं. मात्र भेट कधी झाली नाही. तो ठेंगणा होता की उंच, मला ठाऊक नाही. तो हसायचा कसा, ठाऊक नाही. पत्राची सुरुवात नेहमी ‘प्रिय कार्नी’ आणि ‘प्रिय मॉन्क्रीफ’ अशीच. त्याच्या आईने ठेवलेलं नाव मी पाकिटावर एका अक्षरात आटपायचो. तीन महिन्यांपूर्वी मिशनच्या कचेरीतून छापील पत्र आलं की तो हिवतापाने गेला. मी त्याच्या आईला, शहरालगतच्या न्यूहेवन कोळीवाड्याच्या पत्त्यावर, सांत्वनाच्या चार ओळी धाडल्या. उत्तर आलं नाही. मी कामाला लागलो. निदान तसा बसून तरी राहिलो.

आणि आता हे फिलिपोचं पत्र. फिलिपो मिशनच्या शाळेतला तिथलाच मास्तर, कार्नीचा उजवा हात. तो लिहितो: ‘थोरले बंधू, आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या आईने ठेवलेलं नाव आम्ही खाली ठेवतो आणि खडकांवरचे मासे सोडून देतो. मग त्याचा भाऊ जन्मदात्या आईसमोर उभा राहतो, ते नाव मोठ्याने घेतो, आई म्हणते, हो, तो माझा. भाऊ तिला स्वतःच्या हाताने मासा भरवतो. मग समुद्र उघडतो. त्याची आई तुमच्या गावी आहे आणि भाऊही तुमच्या गावी आहे, त्यामुळे आम्हाला वाटलं काम लवकर होईल. मासा तुमच्या समुद्रातला चालेल का यावर आमची दोन दिवस बैठक बसली. चालेल असं ठरलं, दोघे अजून नाराज आहेत. मात्र विकत घेतलेला चालणार नाही. नवे पाद्री म्हणतात हा खुळेपणा आहे. ते एकटेच जाऊन मासे धरतात आणि एकटेच खातात, आम्हाला त्यांची दया येते. पोरं रताळी खाऊन कंटाळली आहेत. तुम्ही आजारी आहात का?’ मी ते शेवटचं वाक्य पुन्हापुन्हा वाचलं. राग नाही, तक्रार नाही. दूरच्या भावाची नुसती काळजी.

मी भाऊ झालो कसा, तेही सांगायला हवं, कारण ती चूक आमच्याच जातीची माणसं करू जाणोत. तोवेनावर ज्याचं कुणाशी नातं नाही असा माणूसच नसतो. बोटीवरून माझी पत्रं यायला लागली तेव्हा ती किनाऱ्यावर आणायला कुणी हात लावेना: हा लिहिणारा कोण, काका, मामा, सासरा? काय समजून उचलायचं? कार्नीने वेळ मारून न्यायला सांगितलं, ‘थोरला भाऊ.’ झालं. त्या दिवसापासून मी अर्ध्या बेटाचा चुलता झालो आणि फिलिपोच्या आत्याशी थट्टा करण्याचा मला हक्क मिळाला. त्याने हे सगळं मला मजेत कळवलं, सोबत साऱ्या बेटाच्या नात्यागोत्याचा तक्ता पाठवला, आणि त्यात, पुरुषाची खूण त्रिकोण असते म्हणून, त्याच्या त्रिकोणाशेजारी माझा एक त्रिकोण काढला. माझ्या खंडात तक्ता छापताना मी तो त्रिकोण खोडला. जो माणूस तिथे नाही तो पुराव्यात कसा येणार? त्याच खंडात मी पंचवीस पानं लिहून सिद्ध केलं होतं की मृताचं नाव टाळतात ते भुताच्या भीतीने. कार्नीने वाचून एवढंच लिहिलं, ‘भीती मला दिसली नाही बुवा. भरलेली घागर डोक्यावर असताना बाया जशा चालतात, तशी ही माणसं नावाच्या आजूबाजूने चालतात.’ मी समासात टीप केली होती: निरीक्षण नव्हे, मत. आज ती टीप काढून बघितली. अक्षर माझंच होतं, मोठं ठाम आणि टापटीप.

दुपारी मी आरशासमोर उभा राहिलो. नाव घेऊन तरी बघू, म्हटलं. प्रयोग म्हणून. ओठ उघडले, जीभ टाळूला लागली आणि तिथेच राहिली. गंमत वाटली, नाडीवर बोट ठेवलं, ती भरभर चालली होती. पुन्हा केलं, पुन्हा तेच. आता हा काय प्रकार? शास्त्रज्ञ म्हणून माझ्यापुढे दोन शक्यता होत्या: एक, पत्राच्या सूचनेचा परिणाम, दोन, घसा बसला असावा. तिसरी शक्यता आरशातच होती, टक्कल पडलेली, डोळे लाल झालेली, पण तिच्याकडे मी बघायचं टाळलं. मग एकदम लक्षात आलं की हे नाव मी कधीच मोठ्याने उच्चारलेलं नाही. सोळा वर्षांत नाही. कुणासमोर उच्चारणार? इसोबेल त्याला ‘तुझा बेटवाला’ म्हणते, आमच्या अभ्यासकांच्या मंडळात तो ‘आपला तोवेनाचा माहीतगार.’ ज्या माणसाशी मी माझ्या सख्ख्या बहिणीपेक्षा जास्त बोललो, त्याला हाक कशी मारायची हेच माझ्या घशाला माहीत नव्हतं. “आरशाशी काय गप्पा चालल्यात?” दारातून इसोबेल म्हणाली. मी म्हटलं, “तू एकदा त्याचं नाव घे बघू.” “मी कशाला? भाऊ तू आहेस ना?” ती हे चेष्टेने म्हणाली, पण म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला, आणि ती काहीतरी पुटपुटत स्वयंपाकघरात गेली.

संध्याकाळी मंडळाचा चिटणीस प्रिंगल आला, कार्नीवरचा मृत्युलेख मागायला. प्रिंगल भला माणूस, जगातला कुठलाही पेच चहा थंड होण्याआधी सुटावा असं त्याचं मत. सगळं ऐकून तो मांडी थोपटत हसला. “अरे, सोपं आहे! लिहून टाक की केलं म्हणून. नाव घेतलं, मासा भरवला, ईश्वर तुमचं भलं करो. पुढच्या बोटीने पत्र, आणि पोरांना मासे. कोण बघायला येतंय?” “कुणी नाही,” मी म्हटलं. “मग?” सोळा वर्षं मी त्या माणसाला बजावत आलो होतो की कार्नी, जे पाहिलंस तेच लिही, ऐकीव लिहू नकोस, मला बरं वाटावं म्हणून तर मुळीच लिहू नकोस. आणि तापात फणफणत असतानासुद्धा त्याने ते पाळलं. आता त्याच टपालाने उलट दिशेला पहिलं खोटं जाणार, ते माझं? “प्रिंगल,” मी म्हणालो, “मला खोटं लिहिता येणार नाही.” “म्हणजे तू खरंच त्या म्हातारीला मासा भरवणार? कट्टर चर्चवाली आहे रे ती! आणि तू तिला ओळखत नाहीस.” “ती माझी आई लागते,” मी म्हणालो. प्रिंगलने माझ्याकडे असं पाहिलं की माझा मृत्युलेखही आत्ताच मागून ठेवावा की काय. तो गेल्यावर मी रात्रभर चांगला झोपलो, याचं मलाच नवल वाटतं.

दुसऱ्या दिवशी न्यूहेवनला गेलो. लीथ बंदरापर्यंत ट्राम, पुढे पायी. इतक्या जवळ, सोळा वर्षांत एकदाही इकडे यावंसं मला वाटलं नव्हतं, आणि तोवेनाची प्रत्येक खाडी मला तोंडपाठ होती. कपाळाला पट्टा लावून पाठीवर टोपल्या घेतलेल्या कोळणी शहराकडे निघाल्या होत्या, पट्ट्यापट्ट्यांचे जाड घागरे खोचून. त्यांच्यातली एक माझ्या टोपीकडे बघून काहीतरी बोलली आणि बाकीच्या खिदळल्या. धक्क्यावर एक दाढीवाला नावाडी जाळं विणत बसला होता. आता मासा विकत घ्यायचा नव्हता, म्हणजे मागायचा होता. मी आयुष्यात कुणाकडे काही मागितलेलं नाही, प्रश्नांची उत्तरं सोडून. “एक हॅडॉक मिळेल का?” मी म्हटलं. “पैसे देणार नाही. द्यायचे नाहीत असा नियम आहे.” त्याने विणणं थांबवून मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. “हा नवीनच नियम. कुणाचा?” “लांबच्या लोकांचा. एका बाईला भरवायचाय.” “कोण बाई?” “एफी कार्नी.” त्याने जाळं बाजूला ठेवलं. उठून होडीत गेला, दोन चांगले, घट्ट हॅडॉक काढले, गवतात गुंडाळून माझ्या हातात दिले. “तुम्ही तिच्या त्या... हं. त्याच्या ओळखीचे?” “हो,” मी म्हटलं. आणि माझ्यातला जुना खोडकर जागा झाला. “तुम्ही त्याचं नाव का घेत नाही?” “कसं घेणार?” तो जवळजवळ रागावला. “इथे वारा कसा आहे बघताय ना? तिच्या कानावर गेलं तर? त्याच्याबरोबर मी शाळेत होतो साहेब. आमच्या घरात बायको-पोरंसुद्धा काढत नाहीत.” “भीती वाटते?” “कसली भीती? तिचं कसं होईल, एवढंच.” मासे हातात धरून मी उभा राहिलो. माझी पंचवीस पानं त्या धक्क्यावरून अलगद पाण्यात गेली, आणि आश्चर्य म्हणजे मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. मी त्याला आणखी विचारणार होतो, किती दिवस घेत नाहीत, कोण ठरवतं, पण माझे डोळे भरून आले आणि नावाडी सभ्यपणे समुद्राकडे बघू लागला.

एफी कार्नीचं घर बाहेरच्या जिन्याचं, वरच्या मजल्यावर. तिने दार उघडलं. ठेंगणी, रुंद, काळी शाल. मी नाव सांगितलं. “म्हणजे तुम्हीच ते,” ती म्हणाली. बसा म्हणाली नाही. “तुम्हाला चाळीस पानं आणि मला दोन ओळी. ‘मी बरा आहे, देवाची कृपा आहे.’ सोळा वर्षं ‘मी बरा आहे, देवाची कृपा आहे’! टपालवाला सांगायचा मला, त्या शहरातल्या पंडित डॉक्टरांना आज विटेएवढं जाड पत्र आलंय बघा एफी. काय लिहायचा एवढं?” मी म्हटलं, “मी प्रश्न विचारायचो.” “मग मीही विचारायला हवे होते,” ती म्हणाली. “मला वाटलं, आईने काय विचारायचं.” तिचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. “आणि हे काय? कोळणीच्या घरी मासे घेऊन आलात?” तेव्हा मी उभ्यानेच सगळं सांगितलं, फिलिपोचं पत्र, बंद झालेले खडक, रताळी, थोरला भाऊ. व्याख्यानात मी इतका अडखळलो असतो तर लोक उठून गेले असते. ती ऐकत होती. मधेच एकदा शेगडीतला निखारा सारखा केला. मग म्हणाली, “थांबा. तुम्ही त्याचे भाऊ, म्हणजे माझे कोण?” “त्यांच्या हिशेबाने मुलगा.” “या वयात! आणि तोही टकला.” ती हसली नाही, पण तिने मला खुर्ची दिली. “यात मूर्तीबिर्ती, पूजा वगैरे आहे का? असेल तर आत्ताच सांगा, मी चर्चची बाई आहे.” “नाही. एक नाव आहे आणि एक मासा आहे.” “बस्स?” “बस्स.”

तिने मासा स्वतः शिजवला, दुधात, कांदा घालून. मला हात लावू दिला नाही. पाठमोरी असतानाच बोलत राहिली. “तीन महिने झाले. मी दुकानात शिरले की बोलणं बंद. माझी जाऊ येते, हवेबद्दल बोलते. पाद्री येतो, तोही ‘तुमचा प्रिय मुलगा’ म्हणतो. अरे, त्याला काही नाव होतं की नाही? मला कधी कधी वाटतं मी त्याला जन्मच दिला नव्हता, स्वप्न पडलं होतं. ही माणसं चांगली आहेत हो, माझ्यासाठीच करतात. पण कान आसुसलेत माझे.” तिने बशी टेबलावर ठेवली, खुर्चीत बसली, हात मांडीवर ठेवले आणि माझ्याकडे पाहिलं. “करा काय करायचं ते.” मी उठलो. टेबलाच्या कडेला धरून उभा राहिलो. जीभ पुन्हा टाळूला लागली. मला वाटलं हे आता कधीच होणार नाही, समुद्र असाच राहील, ही बाई अशीच बसून राहील. आणि वाटलं की हे नाव एकदा घेतलं की तो गेलाच, खरोखर गेला, मग कुठली बोट त्याचं पत्र आणणार नाही. एवढ्याचसाठी मी ते तीन महिने जपून ठेवलं होतं. भुताबिताला मी भ्यायलो नव्हतो. माझा मित्र मला हवा होता. ती वाट बघत होती. “गिडियन,” मी म्हणालो.

तिने डोळे मिटले होते. उत्तर यायला हवं होतं, ‘हो, तो माझा,’ मी तिला सांगून ठेवलं होतं. पण ती तशीच. मग हळूच म्हणाली, “पुन्हा.” मी पुन्हा म्हणालो. “असं पुटपुटायचं नाही. खिडकी उघड. बाहेर तोंड करून म्हण, रस्त्याला ऐकू जाऊ दे.” मी खिडकी वर सरकवली. खाली नळावर बाया होत्या, वारा तोंडावर आला, आणि मी, मंडळाचा माजी अध्यक्ष, कोळीवाड्याच्या बोळात ओरडलो, “गिडियन कार्नी!” खालच्या बादल्या थांबल्या. सगळ्या वर बघू लागल्या. एक म्हातारी, बहुधा ती जाऊच, कमरेवर हात ठेवून म्हणाली, “आमचा गिडियन?” आणि दुसरी, “एफीचा गिडियन?” बोळभर ते नाव एका दारातून दुसऱ्या दारात गेलं, कुणी रडत होतं, कुणी सांगत होतं की पोराने एकदा पाद्र्याची घंटा चोरली होती. माझ्या मागे ती मोठ्याने म्हणाली, अगदी त्यांना ऐकू जाईल अशी, “हो. तो माझा!” मी वळलो. ती रडत होती आणि तिने तोंड उघडलं होतं. मी माशाचा एक तुकडा घेतला, बोटांनी चाचपून काटे काढले, आणि तिला भरवला. तिने सावकाश खाल्ला. पदराने तोंड पुसावं तसं शालीने तोंड पुसलं.

“आता तिकडे कळव,” ती म्हणाली. “पोरांना मासे धरू दे.”